चन्नबसम्माबाईंची परीक्षा
गंगाखेडच्या मुलींच्या शाळेत चन्नबसम्माबाई मराठी शिकवायच्या. विसाव्या वर्षी कपाळ मोकळं झालेलं. भावाच्या हट्टानं शिकल्या आणि मास्तरीण झाल्या. मुआयना, म्हणजे शाळेची तपासणी, करणाऱ्या बाईसाहेब दरसाल हैदराबादेहून येत, पोरी धडे घडाघडा म्हणत आणि वहीत शेरा पडे, उत्तम. पाठांतर पक्कं म्हणजे भाषा पक्की, असंच बाईंनाही वाटे.

निजामी तेराशे सत्तेचाळीस फसलीच्या, म्हणजे एकोणीसशे अडतीसच्या, उन्हाळ्यात एका सकाळी भागम्मा शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. तिची लेक नागू वर्गात पहिली. तिनं पदराआडून एक पत्र काढून बाईंच्या हातावर ठेवलं. तिच्या जिंतूरच्या भावाचं होतं. तुझ्या भाचीचं लग्न ठरलंय, सोमवारच्या गाडीनं परभणीला उतरा, मी टेशनावर बैलगाडी घेऊन थांबतो, असं त्यात लिहिलेलं. पत्र वेळेवर आलं होतं. नागूनं ते हातात धरून, सगळे खुशाल हायत, एवढंच आईला सांगितलं होतं. भाऊ दिवसभर ताटकळून परत गेला. लग्न लागून गेलं, मग भागम्माला कळलं.

"पयल्या नंबरची पोर माझी," भागम्मा म्हणाली. "दुसऱ्या कुणाला कशाला दाखवू, म्हणलं."

आवाज चढला नव्हता, म्हणून बाईंना जास्तच लागलं. त्यांनी नागूपुढं पुस्तक धरलं. अख्खा धडा तिनं न अडखळता म्हटला. मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं, तर तो कोणता हे तिला सांगता येईना.

बाईंनी परीक्षाच बदलली. मुलींनी घरून जुनी पत्रं, लग्नाच्या चिठ्ठ्या, पुड्यांचे कागद आणायचे. एकीचा कागद दुसरीनं वाचायचा, मग आत काय आहे ते आपल्या बोलीत सांगायचं. निम्मे मार्क वाचण्याला, निम्मे सांगण्याला. पहिल्या महिन्यात तिघीच पास झाल्या. नागू त्यांत नव्हती. आया कुरकुरल्या, एकीनं तर पोरीचं नावच काढून घेतलं.

पुढच्या मुआयन्याला धडे म्हणताना पोरी अडखळल्या. शेरा पडला, साधारण. बाईंनी एवढीच विनंती केली, की तुमच्याजवळचा कोणताही मराठी कागद या मुलींना वाचायला द्या. बाईसाहेबांना मराठी समजे, वाचता येत नसे. त्यांच्या मोलकरणीला आलेलं एक पत्र कुणाकडून तरी वाचून घ्यायचं म्हणून पिशवीत होतं, तेच त्यांनी दिलं. नागूनं ते बोट ठेवत ठेवत वाचलं.

"तिच्या भैनीला लेक झालीया," ती म्हणाली. "दोघी बऱ्या हायत. बारशाला येणार का, इचारायलेत."

बाईसाहेबांनी ते दोनदा सांगायला लावलं आणि पत्र जपून घडी घालून ठेवलं. शेरा मात्र बदलला नाही. छापील रकान्यात वाचून अर्थ सांगण्याला जागाच नव्हती. बाईंना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण परीक्षा त्यांनी पुन्हा बदलली नाही.

पुढं गल्लीतल्या बाया पत्रं घेऊन नागूकडं यायला लागल्या. ती त्यांना बसवून म्हणे, थांबा, आधी मला पुरतं वाचू द्या.