नव्या गिअरबॉक्सच्या पोटाले जुना शेंदूर

मंडळी, आज सकाळचीच गोष्ट आहे. खोटं वाटलं तं घरी येऊन पाहा.

आमची जीप सन चौपनची, सासऱ्यानं घेतलेली. उतारावर तिचा गिअर आपोआप सुटे. पुढच्या आठवड्यात पोटुशी नात याच जीपनं गडचिरोलीच्या दवाखान्यात जाणार, म्हणून नातवानं गिअरबॉक्स अन् शाफ्ट बदलायले दिला.

मिस्त्री गाडी घरी घेऊन आला अन् म्हणे, "आजी, नवा गिअरबॉक्स टाकला. हा तुमचा जुना." अन् एक काळं धूड पायाशी ठेवलं.

मले शंका आली. दसऱ्याले लोक बोनटले शेंदूर लावतात. माझा नवरा गाडीखाली सरपटत जाऊन गिअरबॉक्सच्या पोटाले लावे. म्हणे, "ओझं तं हाच ओढते." तो गेल्यावर नातू लावते. या धुडाले शेंदराचा ठिपका नाई.

"डिझेलनं धुतला, आजी."

"तेलात कालवलेला शेंदूर हाय भाऊ. इतक्या वर्षांचे थर असे निघतात का?"

नातवाले विळा देऊन गाडीखाली घातला. नव्या गिअरबॉक्सचा काळा रंग खरवडला, तं आत शेंदूर! आमचाच गिअरबॉक्स रंगवून परत बसवला होता. शाफ्ट तेवढा खरा नवा निघाला.

नातू भांडायले उठला. मी म्हटलं, "थांब. मिस्त्री, उतारावर गाडी तूच चालव. बाजूले तुझी बायको बसव. माझी नात मागं बसन."

त्यानं पाना उचलला अन् गिअरबॉक्स खोलायले लागला.

मी इथीच खुर्ची टाकून बसली आहे. तुम्ही आपल्या गाडीचं पोट कधी पाह्यलं का?