बुडालेली बादली

त्या गृहस्थांची आठवण झाली की आजही माझं डोकं तापतं. पाचोऱ्याच्या आमच्या विहिरीवर ते रोज सकाळी बसलेले असत. धोतर पांढरंशुभ्र. नाव कुणी घेत नसे, सगळ्या त्यांना नाना म्हणत. बाईने बादली सोडली की नाना उठायचे, दोर घ्यायचे आणि बुडालेली बादली दोन बोटांनी वर आणायचे. ती पाण्याबाहेर आली रे आली की दोर परत बाईच्या हातात.

"आते थोडंसंच शे, माय."

त्या थोड्याशात माझे खांदे भरून यायचे. बुडालेल्या वस्तूला पाणीच खालून उचलून धरतं, हे मी शाळेत पाठ केलं होतं. तरी नानांची लबाडी ओळखायला अख्खा उन्हाळा गेला.

एका सकाळी मी नानांना दोर दिलाच नाही, बादली मीच वर आणली. ती पाण्याबाहेर आल्यावर दोर त्यांच्यापुढे धरून म्हटलं, "नाना, आता थोडंसंच आहे. तुम्ही ओढा."

"मनी कंबर दुखस," म्हणून ते जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी शेजारीण स्वतःचे खांदे चोळत मलाच रागावली. "भल्या माणसाला असं बोलावं का? आपलं अर्धं पाणी तर तेच काढून देतात."