घास आणि श्वास

कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा आटा फिरवायचा, डोळे मिटून इंजिन ऐकायचं आणि मग म्हणायचं, "घास किती आन् श्वास किती, येवढंच बघायचं, राव." घास म्हणजे पेट्रोल, श्वास म्हणजे हवा. ही रीत एका कामगाराची; भोसरीच्या आमच्या कारखान्यात तो माझ्या शेजारच्या लेथवर होता. असा कानाचा माणूस तुम्हीही एखादा पाहिला असेल. मी तो एकच पाहिला.

मालकांनी स्टोअरमध्ये पडलेली जुनी स्कूटर त्याला प्रयोगाला दिली होती. त्यानं सिलिंडर बोअर करून मोठा केला, त्याच्या मापाचा पिस्टन लेथवर स्वतः कातला. मग कार्बोरेटरची निवड. तीन महिन्यांत चार बसवले, तीन काढले. रोज प्लग उघडून रंग बघायचा. काळा म्हणजे घास जास्त, पांढरा म्हणजे कमी. शेवटी प्लग बिस्किटाच्या रंगाचा निघाला, तेव्हा पेढे कुठले आणणार, त्यानं डब्यातली भाकरीच सगळ्यांना वाटली.

आमच्या इंजिनिअर साहेबांनी ते इंजिन 'माझं डिझाइन, ह्याचे फक्त हात' म्हणून मालकांना दाखवलं. साहेबांना बढती आणि हा पॅकिंगमध्ये, खोकी ठोकायला! आम्ही सगळे माना खाली घालून उभे राहिलो. मीसुद्धा. त्या गोष्टीचा संताप आजही येतो, आधी साहेबांचा आणि मग माझा.

दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली की साहेब सगळ्यांसमोर स्कूटर पळवून दाखवणार होते. अजून पळावी म्हणून आदल्या दिवशी त्यांनी मोटारसायकलचा मोठा कार्बोरेटर चढवला. पेट्रोल सोडणारं जेट मात्र बारीकच ठेवलं. मग पॅकिंगमध्ये येऊन सहज विचारल्यासारखं विचारलं, "चालेल ना रे?"

"तुमचंच इंजिन हाय, साहेब. मी काय सांगावं?" एवढं बोलून त्यानं पुढचा खिळा ठोकला.

हवा वाढली, पेट्रोल तेवढंच. पहिला मैलभर स्कूटर भन्नाट सुटली, मग इंजिन तापून जाम झालं. साहेब झेंडूच्या माळेसकट ती ढकलत फाटकातून आत आले. एवढा आनंद मला दिवाळीतही झाला नव्हता.

मालकांनी तिथंच इंजिन उघडायला लावलं. पिस्टन बाहेर आला. त्याच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत एक नाव कोरलेलं होतं, खाली गाव. मालकांनी ते मोठ्यानं वाचलं आणि त्याला बोलावून घेतलं.

तो आला. मालकांकडे त्यानं पाहिलंही नाही. "साहेब," तो इंजिनिअर साहेबांना म्हणाला, "नाव खोडू, का ऱ्हाऊ देऊ?"



तो आता हयात नाही. तो प्रश्न आठवला की माझा ऊर अजून भरून येतो आणि लगेच आत काहीतरी टोचतं. भोकं नेमक्या जागी पाडायला मी बनवलेल्या एका जिगवरही त्याच साहेबांचं नाव लागलं होतं. मी मात्र आत काहीच कोरून ठेवलं नव्हतं.