कमलबाईंचं वेटिंग

माझ्या सासूबाई चिडल्या की भांडी आपटत नाहीत, गप्प बसतात. देवगडच्या त्या आठवड्यात त्या इतक्या गप्प होत्या की माझंच डोकं फिरलं होतं.

कमल त्यांचं नाव, मी आई म्हणते. माहेर तिकडचंच, किनाऱ्यावरचं. वडिलांची स्वतःची होडी होती, पण तिला बाईचा पाय लागू द्यायचा नाही असा घरचा नियम. भाऊ दर्यात जायचे आणि ही मुलगी वाळूत बसून मासळी निवडायची. मग रेल्वेतल्या नवऱ्यामागे झाशीला आली, सीपरी बाजारात संसार केला, भाजीवाल्याशी बुंदेलीत हुज्जत घालायला शिकली. इतक्या वर्षांत तिनं एकच गोष्ट मागितली. किनारा दिसेनासा होईपर्यंत एकदा होडीतून जायचं.

या हिवाळ्यात सासरे आणि त्यांचे रेल्वेतले निवृत्त दोस्त सहकुटुंब मासेमारीला निघाले. आठवडाभरासाठी बोट ठरवली. आईंनी झाशीतच बजावलं होतं, "मला एकदा आत घेऊन चला." सासरे "हो हो" म्हणाले. त्यांच्या "हो हो"चा अर्थ मला आता कळतो.

बोटीत जागा बेताची. त्या दोस्तांपैकी मिलिंदकाका जन्मभर टीसी होते, त्यांनी लगेच रिझर्वेशन सुरू केलं. रोज रात्रीच्या जेवणाला दुसऱ्या दिवशीच्या जागा जाहीर व्हायच्या. "भाभीजी, आपका तो कल भी वेटिंग है," ते म्हणायचे, आणि पुरुषमंडळी खो खो हसायची. बायका सगळ्याच वेटिंगला. मला त्याचं काही नव्हतं, मी झाशीतल्या दतिया गेटच्या शाकाहारी घरातली, मला नुसत्या वासानं मळमळतं. आईंना मात्र जायचं होतं, आणि हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

सुरुवातीला हे लोक खाडीत बसले. झाशीजवळ पहूजच्या धरणावर लावतात तशी कणकेची गोळी गळाला लावून! गोळी विरघळायची आणि गळ रिकामा वर यायचा. शेवटी बोटवाल्यानं कोळंबी लावून दिली, तेव्हा कुठे शेंगट्यांसारखी खाडीतली मासळी मिळाली. मग खोल समुद्रात जाऊ लागले, सुरमई लागली. फोटो काढायला हे लोक, साफ करायला आई. मागच्या दाराशी उकिडव्या बसून त्या मासे कापायच्या, मी नाकाला ओढणी लावून पाणी ओतायचे. ती बादली त्या सगळ्यांच्या अंगावर रिकामी करावी असं मला रोज वाटायचं. स्वानंदला, माझ्या नवऱ्याला, मी हे बोलले. तो म्हणाला, "आईला काय नवीन आहे समुद्र?"

शेवटच्या दिवशी एक काका उलट्यांनी आडवे झाले. एक जागा रिकामी झाली. आई पहाटेच साडी खोचून धक्क्यावर हजर. मिलिंदकाकांनी त्या जागेवर बर्फाची पेटी ठेवली.

"आज माल ज्यादा आएगा, भाभीजी."

मी तोंड उघडेपर्यंत आई बोटीत उतरल्या होत्या. पेटी ढकलत त्यांनी कडेला आणली आणि बोटवाल्याला म्हणाल्या, "ही खाली उतरव."

"कमल, ये क्या तमाशा है? उतर," सासरे म्हणाले.

"मी उतरणार नाही. बर्फ सोडवत नसेल तर तुम्ही उतरा आणि त्याच्यापाशी बसा."

या वेळी कुणी हसलं नाही. पेटी धक्क्यावर राहिली आणि बोट निघाली.

दुपारी त्या परतल्या तेव्हा केस विस्कटलेले होते, चेहऱ्यावर मीठ वाळलं होतं. मला वाटलं, आता राग गेला असेल. सासऱ्यांनाही तसंच वाटलं असावं. आधी उतरून त्यांनी हात पुढे केला.

"झालं ना मनासारखं?"

आईंनी तो हात धरला नाही. एकट्याच उतरल्या.

"पाणी होतं," त्या म्हणाल्या. "चारी बाजूंना नुसतं पाणी. एवढंच होतं. आणि एवढ्यासाठी माझ्या बाबांनी आणि तुम्ही मला जन्मभर काठावर बसवलंत?"

त्या दिवशीची सुरमई मिलिंदकाकांनी कापली, आणि फार वाईट कापली.