लग्नाच्या आदल्या दिवशीचे फुगे
बेकरीवरून जाताना आंबलेल्या मैद्याचा वास आला की मला कोलशेतचं, मैत्रिणीच्या घरचं ते अंगण आठवतं. तिच्या लग्नात मी ब्राइड्समेड होते. निळ्या ड्रेसची चेन पाठीवर अडत होती, म्हणून बारा दिवस मी मैदा आणि साखर सोडली होती, कुणाला न सांगता. आदल्या दुपारी तिच्या आईने मला फुगे तळायला बसवलं. आंबवलेल्या मैद्याचं ऊबदार पीठ मुठीत धरून हळूच दाबायचं आणि अंगठ्यापाशी वर आलेला गोळा तेलात सोडायचा. खाडीवरून वारा येत होता, कढईत सोनेरी गोळे आपोआप कूस बदलत होते, आणि ती दुपार संपू नये असं वाटत होतं. "हात चांगला हाय गो तुझा," ती म्हणाली आणि गरम फुगा माझ्यापुढे धरला. "जिनं तललं, तिनं पयला खायाचा." मला नाही म्हणता आलं नाही. खरं तर म्हणायचंच नव्हतं. मी सहा खाल्ले. दुसऱ्या दिवशी चेन तिथेच अडली. मैत्रिणीच्या आईने ती फट सेफ्टी पिनांनी टाचली, माझे केस त्यावर मोकळे सोडले आणि म्हणाली, "आता कोनाला दिसतंय, बाय?" आजही मी डाएटवर आहे आणि बेकरीत शिरत नाही, पण तिथून जाताना माझी मूठ हळूच मिटते.