पाइपाच्या तोंडाशी उलटं फिरलेलं इंजिन

आधीच सांगते, मी या सदराची वाचक नाही, विरोधक आहे. असल्या चमत्काराच्या गोष्टी छापणाऱ्यांविरुद्ध मी स्वतः पालघर स्टेशनबाहेर पत्रकं वाटली आहेत. आमच्या घरात देव्हारा नव्हता, पत्रकांचे गठ्ठे होते. त्यांवर बसूनच मी वाचायला शिकले. शिवाय माझा डिप्लोमा मेकॅनिकलचा. तरी लिहितेय, कारण पाहिलेलं दडपणं हाही खोटेपणाच.

तारापूरजवळच्या एका खाडीत कारखान्याचं पाणी सोडणारा पाइप आहे. ओहोटीलाच तो उघडा पडतो. खाडीत मासे मरून तरंगायला लागले तेव्हा आम्ही कार्यकर्त्यांनी पत्रक काढलं — ‘ही मासळी खाऊ नका, हे विष आहे.’ झालं! बोईसरच्या बाजारात खाडीकाठच्या गावातल्या मासे विकणाऱ्या बायकांकडे कोणी फिरकेना. बायका खवळल्या... कारखान्यावर नाही, आमच्यावर.

गावाने मला भर दुपारी बोलावून घेतलं. ओहोटी आहे, पाइपापर्यंत जा, पाणी आण. नाहीतर पत्रक खोटं होतं असं सगळ्यांसमोर म्हण. साक्षीला गजानन तांडेल, होडीचा मालक. त्या गावात रीत अशी, की पाण्यावर काय घडलं ते तांडेलाने, म्हणजे होडी हाकणाऱ्याने, सांगायचं आणि त्यावर त्याला कोणी उलट विचारायचं नाही. आणि याच गजाननच्या बायकोची पाटी बाजारातून भरलेली परत येत होती!

“चप्पल काढ,” होडीत पाय टाकताच तो खेकसला. “देवाची जागा हाय.”

“लाकडाची आहे,” मी म्हटलं. पण काढली.

“वास आला तर आला म्हणेन. नाय आला तर तुझा बाप आला तरी म्हणणार नाय.”

किनाऱ्यावरून त्याची बायको ओरडली, “नीट बघून या! नायतर तिलाच तिकडं सोडून या!” बायका खदाखदा हसल्या.

होडीत चार स्ट्रोकचं छोटं पेट्रोल इंजिन होतं, दांड्याने थेट पंख्याला जोडलेलं. गिअर नाही. म्हणजे इंजिन फिरलं की होडी पुढेच जाणार. मागे यायचं तर बांबूने रेटायचं.

पाइप दिसायला लागला. काळा चिखल, पिवळट फेस. तिथेच इंजिन बंद पडलं. गजाननने दोरी ओढली, ते सुरू झालं... आणि होडी मागे जायला लागली.

“प्रवाह असेल,” मी म्हटलं.

“प्रवाह मला शिकवतेस? तू कायतरी केलंस!”

“मी हातही लावला नाही!”

त्याने इंजिन बंद करून पुन्हा दोरी ओढली. पुन्हा मागे. मी वाकून पाहिलं. धूर एअर फिल्टरमधून येत होता. पिशवीतलं पत्रक सायलेन्सरच्या तोंडाशी धरलं, तर ते आत ओढलं जाऊन चिकटलं!

ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. अशा इंजिनाच्या एका तोंडातून पेट्रोल आणि हवा आत जातात, दुसऱ्यातून धूर बाहेर पडतो. उलटं फिरलं की तोंडांची अदलाबदल होते आणि पेट्रोल आत जातच नाही. एखादा झटका बसेल, पण चालणार नाही. हे मात्र चालत होतं, एका लयीत.

“मागं जायचं हाय? मंग जा मागं!” गजानन चिडला. बांबू रोवून त्याने होडी फिरवली, मागची बाजू पाइपाकडे केली आणि दोरी ओढली.

इंजिन सुलट चाललं. धूर सायलेन्सरमधून. होडी पाइपापासून लांब निघाली.

त्याने ते बंद केलं.  मी चिखलात उडी मारली तेव्हा तो ओरडला, “उतरू नको गं!” गुडघ्यापर्यंत रुतत गेले, बाटली भरून आणली. पायांची नुसती आग होत होती.

गावात आल्यावर मी बाटली उंच धरली, प्रयोगशाळा, तपासणी, सगळं सांगितलं.

“पाणी कुठूनपण भरता येतं,” त्याची बायको म्हणाली.

मग गजानन उठला. “माझी होडी तिथं जाईना. तोंड फिरवलं तरी जाईना. इंजिन उलटं फिरलं.” एवढंच बोलून खाली बसला.

त्याला कोणी काही विचारलं नाही. त्याची बायको माझ्याकडे वळली. “तू होतीस ना? खरं हाय?”

मला ‘इंजिन बिघडलं होतं’ असं म्हणता आलं असतं. पण ते मला माहीत नव्हतं.

“खरं आहे,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी त्याच बायका, ‘होडीतल्या देवालाच ते पाणी नको’ म्हणत, रिकाम्या पाट्या घेऊन कारखान्याच्या गेटवर बसल्या. बाटलीतल्या पाण्याचं काय झालं, हे आजवर एकीनेही विचारलेलं नाही.

इंजिन मी बोईसरच्या गॅरेजमध्ये माझ्यासमोर उघडायला लावलं. सगळं जागच्या जागी. मेकॅनिक हसला, “मॅडम, उल्टा चलेगा तो पेट्रोल किधर से खींचेगा? धूप लग गई होगी आपको.”

कोणाकडे स्पष्टीकरण असेल तर यंत्रातलं सांगा. दुसरं मी ऐकणार नाही. माझ्याकडे यंत्रातलंही नाही. गाव आमच्या बाजूने आहे, पण ज्या कारणासाठी आहे ते मला पत्रकात छापता येत नाही... आणि ते खोटं आहे, असंही छापता येत नाही.