हँडल हातात, सायकल पुढे

धातू कसा थकतो याचा परदेशात पाच वर्षं अभ्यास करून परत येताना माझ्या डोक्यात एक चित्र होतं. अंबडमध्ये छोटीशी प्रयोगशाळा, पांढऱ्या भिंती, ओळीनं मशिनं, आणि सायकलचे सुटे भाग विकायच्या आधी तपासून घेणारे जागरूक दुकानदार. मिळालं ते असं: लिंबाजीमामाच्या सायकल दुकानामागची पत्र्याची शेड, सरकी पेंडीची बारा पोती आणि एक जागरूक मांजर.

तपासणीचे आकडे लिहायला मी जाड वही आणली होती. दीड वर्षात आकड्यांची तीन पानं भरली, बाकी वही किश्शांनी संपली. किस्से जमवायला काही करावं लागत नाही. दुकानाबाहेर बाकडं टाकलं की ते आपोआप येऊन बसतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. सायकलचं हँडल पुढच्या नळीला ज्या मुठीएवढ्या तुकड्यानं धरलेलं असतं, त्याला स्टेम म्हणतात. मामाच्या दुकानात ‘जोड’. चेन तुटली तर माणूस उतरतो. ब्रेक गेला तर पाय टेकवतो. जोड मोडला तर हँडल हातात राहतं आणि सायकल आपल्या वाटेनं जाते.

मामाकडे सगळ्यात जास्त खपते ती डोंगरी सायकल. जाड टायरं, दोन शॉकअप, त्यातला एक नुसता शोभेचा, आणि ॲल्युमिनियमचा चकचकीत जोड. तालुक्यात डोंगर म्हणावा असा एकच, आणि तिथं देवी राहते. बाकी सगळे खड्डे.

*

गायके सर कुंभार पिंपळगावला शिक्षक आहेत. एका सोमवारी ते दुकानात आले तेव्हा मनगटाला प्लास्टर, पुढचा एक दात गायब आणि धडक्या हातात अख्खं हँडल. मला वाटलं, आज मामाची काही खैर नाही.

“लिंबाजी, टायरं मात्र एक नंबर हायेत,” सर म्हणाले.

मामानं मोडलेला जोड उलटसुलट करून पाहिला. “सर, तुम्ही हँडल ओढलं असंल.”

“ओढलं न्हाई. धरलं होतं.”

“मंग तेच.”

सरांना ते पटलंसुद्धा! जाताना त्यांनी त्याच हँडलला तसलाच नवा जोड बसवून घेतला.

मला मात्र पटलं नाही. मामाची मुलगी आरती तशाच सायकलवर रोज कॉलेजला जाते, आणि उतारावर ब्रेक दाबणं म्हणजे तिला अपमान वाटतो. या दुकानातून गेलेल्या सायकलवरून पुन्हा कुणी असं पडता कामा नये, हे मी त्या दिवशी ठरवलं.

*

सुरुवात हबीबचाचांपासून केली. दुकानातले सगळे नटबोल्ट तेच आवळतात. पद्धत सोपी आहे. पान्याला हातभर लोखंडी पाइप जोडायचा आणि तोंडातून आवाज निघेपर्यंत जोर लावायचा. आवाज बोल्टचा नाही, चाचांचा.

ॲल्युमिनियमला इतकं आवळलं की ते तिथूनच चिरायला लागतं, हे मी त्यांना चित्र काढून समजावलं आणि माझा परदेशातून आणलेला पाना दिला. त्याच्यावर जोर ठरवून ठेवता येतो. तेवढा झाला की तो कट् असा आवाज करतो, म्हणजे थांबायचं.

तासाभरानं चाचांनी पाना फडक्यात गुंडाळून परत आणून दिला. “बेटा, फसवलं तुला कोणीतरी. जरा जोर लावला की आतून कट् बोलतंय. पुरा तुटायच्या आत ठेवून दे, म्हागाचं दिसतंय.”

“मग बोल्ट तसेच सोडले?”

“तसे कसे सोडीन? पाइप लावून बराबर करून टाकले सगळे.”

*

मग नारळ. नव्या गाडीसमोर नारळ फोडतात, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण हसनाबादहून आलेल्या एका कुटुंबातल्या काकांनी हार घातला, अगरबत्ती ओवाळली आणि नारळ सरळ जोडावर आपटला.

मी धावले. “काका, जमिनीवर फोडा ना.”

“जमीन नवी घेतली का आम्ही? सायकल घेतली.”

पहिल्यांदा नारळ फुटला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा फुटला, पाणी उडालं, आणि जोडावर करंगळीच्या नखाएवढा खड्डा पडला.

मामा माझ्याकडे वळून म्हणाला, “बघ, तीन दणके खाल्ले पण जागचा हालला न्हाई. तुझ्या मशिनीनं काय येगळं सांगितलं असतं?”

खोबरं मात्र गोड होतं, हे कबूल केलं पाहिजे.

*

त्या मशिनीचीही गोष्ट ऐका. कडबाकुट्टीची जुनी मोटर लावून मी ती शेडमध्ये बनवली. ती हँडल दिवसभर खालीवर दाबत राहते आणि किती दाबांनंतर जोड चिरतो ते मोजते. धातू एका दणक्यानं कमी आणि रोजच्या बारक्या दणक्यांनी जास्त मोडतो, हे लोकांना डोळ्यांनी दिसावं, ही माझी इच्छा.

लोक आलेही. बाकड्यावरचे एक आजोबा दोन तास मान हलवत बघत बसले. मला भरून आलं. शेवटी त्यांनी विचारलं, “कवर चालायचं हे?”

“मोडेपर्यंत, आजोबा.”

“म्हंजे मोडायसाठीच बसवलंय?”

“हो.”

“मंग लाइट कशाला जाळून राह्यली? आमच्या घरी तीन नातवंडं हायेत. सायकल नेऊन दे, परवा निकाल घेऊन जा.”

तेवढ्यात लाइट गेली. मोजणी शून्यावर आली. आजोबा म्हणाले, “नातवंडं लाइटीवर चालत न्हाईत.”

*

एवढं करूनही पुरावा जमत होता. मी मोफत तपासणी सुरू केली. लोक सायकली घेऊन यायचे, मी जोडाला रंगीत द्रव लावून बॅटरीच्या उजेडात बघायचे. केसाएवढी चीर दिसली की तो जोड काढून मजबूत लोखंडी बसवायचा. असे अकरा चिरलेले जमले आणि मी सायकल कंपनीच्या माणसाला बोलावून घेतलं.

कडक इस्त्रीचा शर्ट घालून तो आला. गायके सरांचा मोडका जोड त्यानं हातात न घेताच तपासला.

“मॅडम, ही सायकल वापरलेली दिसते.”

“सायकल आहे. वापरणारच.”

“तेच म्हणतोय. आणि हा जोड डोंगरावर वापरण्यासाठी नाही, गॅरंटी कार्डावर स्पष्ट लिहिलंय.”

“सायकलचं नाव डोंगरी आहे.”

“ते नाव आहे मॅडम. वापर नाही.”

“बरं, रस्त्यावर?”

“रस्त्यावर चालेल. फक्त खड्डे टाळायचे.”

मी त्याला अंबड ते कुंभार पिंपळगाव खड्डे टाळत जाऊन दाखवायला सांगितलं. तो हसला. जाताना म्हणाला, “तुकड्यांवरून काही सिद्ध होत नाही. चिरलेले पण अखंड असे जोड पाठवा, मग वर कळवतो.”

*

म्हणून ते अकरा मी मोडले नाहीत. चीर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, तेव्हा चांगल्या मालात मिसळू नयेत म्हणून प्रत्येकावर ऑइलपेंटची एक ठळक लाल रेघ ओढली, क्रेटमध्ये भरले आणि पुण्याला माझ्या कामाला जाताना मामाला सांगितलं, “हे मी तपासलेले आहेत, मामा. कंपनीला दाखवायचेत.”

पाच दिवसांनी संध्याकाळी परत आले तर क्रेटमध्ये तीन.

मामा खुशीत होता. “तुझ्या मालाला लई मागणी हाय. लोक नवीकोरी सायकल घेऊन राह्यले आन् म्हणून राह्यले, हा कंपनीचा जोड काढा, ताईनं पास केलेला लालवाला बसवा.”

आमच्या बाजारात बैल पसंत पडला, सौदा झाला, की त्याच्या पाठीवर गुलाल टाकतात. निवडणूक जिंकली की गुलाल. नापास झालेल्याला कुणी लाल लावत नाही. पाच वर्षांच्या शिक्षणात हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्याआधीच्या अठरा वर्षांत मी इथंच वाढले होते.

“मामा, ते सगळे चिरलेले आहेत. म्हणूनच लाल लावलं.”

मामा भिंतीकडे बघत राहिला. आरतीची सायकल रोज तिथं टेकवलेली असते.

“पयला तिलाच बसवला,” तो म्हणाला. “म्हणलं, चांगला माल आधी घरी.”

आरती मैत्रिणींबरोबर देवीला गेली होती. म्हणजे येताना उतार. फोन उचलत नव्हती. हबीबचाचांनी मोपेडला किक मारली, मामा मागं बसला, आणि मी रस्त्यात जाऊन उभी राहिले. पाऊण तासानं तिघं आले. पुढं चाचा मोपेडवर, मागं आरती पायी, तोंड फुगवलेलं, आणि तिच्या शेजारी मामा सायकलचं हँडल दोन्ही हातांनी धरून चालत येत होता.

“सगळ्यांसमोर उतरवलं मला,” आरती म्हणाली. “पडले का मी? न्हाई ना?”

मामानं स्वतः पाना घेऊन तो जोड काढला.

राहिले सात. मामाला सातही घरं पाठ होती. त्यानं पहिला फोन हसनाबादला लावला आणि स्पीकर चालू केला.

“काका, तो लालवाला परत द्या. खराब हाय. चांगला बसवून देतो, फुकट.”

पलीकडून आवाज आला, “लिंबाजी, कोणी मोठा माणूस मागून राह्यला का?”

“न्हाई हो. चिरलेला हाय तो.”

“खराब हाय तर फुकट बदलायला कामून एवढा तळमळून राह्यला? मला येडा समजतो का? न्हाई देणार.” फोन बंद.

दुसऱ्यानं, जोड कुणी बदलून नेऊ नये म्हणून सायकलला कुलूप लावल्याचं सांगितलं. तिसऱ्यानं मलाच फोनवर बोलावलं आणि चीर म्हणजे काय हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “ताई, तुमच्यावर मामाचा दबाव दिसतोय. काळजी करू नका, आम्ही तुमच्याच बाजूनं आहोत.”

चौथा फोन मामानं लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाच्या आधी मीच शटर उघडलं. सात नवे लोखंडी जोड बाकड्यावर ओळीनं मांडले, लाल रंगाचा डबा उघडला, आणि प्रत्येकावर दोन दोन रेघा ओढल्या.